वाळू खचली होती

टोपली उचलली, तेव्हा खाली काही नव्हतं.

मार्चमधली रविवारची सकाळ, सात वाजून गेलेले. कोकणातल्या वेळास गावच्या पुळणीवर सूर्य मागच्या डोंगरावरून उशिरा येतो, त्यामुळे त्या वेळी वाळू अजून सावलीत असते आणि अनवाणी पायाला चांगलीच गार लागते. दोरीच्या अलीकडे पन्नास-साठ माणसं, आईबापांच्या खांद्यांवर अर्धवट झोपेतली पोरं, हातातले मोबाइल आधीच वर धरलेले. कासवांची घरटी राखणाऱ्या कासवमित्राने जाळीच्या कुंपणात शिरून घरट्यांवर पालथी घातलेली एकेक टोपली उचलली, खालच्या वाळूवरून अलगद हात फिरवला, टोपली पुन्हा पालथी घातली. शेवटची झाल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आत्ता नाहीत. संध्याकाळी सहाला बघू." गर्दी पाच मिनिटांत पांगली. एक जोडपं तेवढं मागे राहिलं. ती जाळीशी उकिडवी बसून कोपऱ्यातल्या एका घरट्याकडे बघत होती. "अरे, इथली वाळू जरा खचल्यासारखी वाटतेय का? बाकीच्या जागा सपाट आहेत." तो घड्याळ बघत होता. "चल ना अगं, रविवारी फेरीबोटीला रांग लागते." ती उठली, गुडघ्यांवरची वाळू झटकली, एकदा वळून बघितलं आणि दोघं सुरूच्या बनातून दिसेनाशी झाली.

वाळू खरंच खचली होती. टोपलीच्या बरोब्बर मधोमध, बशीएवढा गोल आणि बोटाच्या एका पेराइतका खोल खळगा. त्याचा अर्थ माहीत असूनही त्या क्षणी तोंडून शब्द निघाला नाही. नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण कशाला पडा, असं वाटलं. त्या बाईंचा प्रश्न अजून टोचतो, कारण तिथल्या साठ जणांत योग्य तेच बघणाऱ्या त्या एकट्या होत्या.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एका खेपेला शंभर ते सव्वाशे अंडी घालते. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, आणि कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नव्हे, तर बोटाने दाबलं तर चेपतील अशी. दीड फूट खोल, गळ्याशी अरुंद आणि तळाशी फुगीर, मडक्याच्या घाटाच्या खड्ड्यात ती एकावर एक रचलेली असतात. पिल्लू बाहेर आलं की गोल अंड्याची नुसती चुरगळलेली साल उरते. शंभर चेंडूंच्या जागी शंभर साली राहिल्या, की खालची जागा मोकळी होते आणि वरची वाळू खाली सरकते. जमिनीखाली अंडी फुटायला लागली आहेत याची वरून दिसणारी खूण एवढीच. तिथून वर यायला पिल्लांना दोन-तीन दिवस लागतात. एकटं पिल्लू दीड फूट वाळू उपसू शकत नाही. वरची पिल्लं छताची वाळू ओरबाडतात, ती खालच्यांच्या अंगावर पडते, खालची वळवळून ती पायाखाली तुडवतात, आणि सगळ्यांची मिळून जमीनच हळूहळू वर चढत जाते. थोडं चढायचं, थांबायचं, पुन्हा एकाची हालचाल झाली की सगळ्यांनी उठायचं. वरची वाळू तापलेली लागली तर सगळ्यात वरची पिल्लं निपचित पडतात आणि खालची सगळी रांग थबकते. वाळू निवली की पुन्हा सुरू. म्हणून पिल्लं दुपारी सहसा येत नाहीत, रात्री नाहीतर पहाटे येतात.

सात आणि सहाची वेळही याच हिशोबात बसते. मात्र याबाबत माझं मत स्पष्ट आहे. रात्री अकराला वर आलेलं पिल्लू सकाळच्या पाहुण्यांसाठी टोपलीखाली ठेवू नये. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाची उरलेली शिदोरी असते, आणि तिच्या जोरावर त्याला पहिले काही दिवस न थांबता पोहत किनाऱ्यापासून लांब जायचं असतं. टोपलीच्या कडेला धडका देण्यात ती शिदोरी खर्ची पडली, तर पुढे पाण्यात कमी पडते. जिथे रात्रीच्या फेऱ्या नेमाने होतात आणि आलेली पिल्लं तेव्हाच सोडली जातात, तिथे सकाळच्या टोपल्या जास्त वेळा रिकाम्या निघणार. रिकामी टोपली बघून हिरमुसणाऱ्यांनी एवढं लक्षात घेतलं, तर त्या कासवमित्रांवरचं ओझं बरंच हलकं होईल.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, सावित्रीच्या खाडीच्या मुखाजवळचं गाव. दोन डोंगरांच्या बेचक्यात माडा-पोफळीच्या वाड्या, त्यांतून जाणारी एक चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव आणि त्यांचा पुतळाही इथे आहे, पण आज लोक त्यासाठी येत नाहीत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्रगरुडाची घरटी शोधत या किनाऱ्यावर आली आणि त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी उकरून नेण्याची तेव्हा रीतच होती. काही कोल्ह्या-कुत्र्यांच्या पोटात जायची, उरलेली माणसांच्या. संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि ज्यांच्या घरी पाहुणा म्हणजे फक्त गणपती-शिमग्याला येणारा मुंबईकर, त्या घरांच्या पडव्यांत परकी माणसं झोपू लागली. वन विभागाच्या देखरेखीखाली गावातली पोरं हे काम करतात. २५ जानेवारी २०२२ ला याच वाळूवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं गेलं आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच.

अंडी चोरायला जे कसब लागत होतं, तेच राखायला उपयोगी पडलं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत मोठं वाटतं. पहाटे किनाऱ्यावर चालताना ट्रॅक्टरच्या चाकासारखी, दोन-अडीच फूट रुंदीची खूण भरतीच्या रेषेपासून वर गेलेली दिसते आणि तशीच दुसरी परत समुद्राकडे. नवख्याला वाटतं, दोन्ही मिळतात तिथे अंडी. पण मादी खड्डा बुजवल्यावर अंग आपटून वाळू दाबते, इकडेतिकडे उडवते, आणि अंगणाएवढी जागा विस्कटून जाते. त्यात नेमकी जागा हाताने शोधावी लागते. दाबल्यावर जिथे वाळू भुसभुशीत लागते, तिथे तळवा जरा आत जातो. पूर्वी काठी खुपसून बघायचे, काठीच्या टोकाला बलक लागला की घरटं सापडलं. म्हणजे सापडेपर्यंत एखाददुसरं अंडं फुटलेलंच, आणि फुटक्या अंड्यामुळे बुरशी आणि मुंग्या बाकीच्यांपर्यंत पोचायच्या. आता काठी नाही, बोटं.

सापडलेली अंडी तिथेच ठेवली तर भरतीचं पाणी नाहीतर कोल्हा, दोघांपैकी कोणीतरी गाठतंच. म्हणून ती उचलून भरतीरेषेच्या वर, कुंपणातल्या वाळूत हलवतात. इथे घाई लागते. अंडी घातल्यापासून काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला वरच्या अंगाने चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की तो सुटतो आणि मरतो. तेव्हा शक्यतो उजाडायच्या आतच उचलायची, उचलताना वरची बाजू वरच ठेवायची, पाटीत खाली घरट्यातली ओली वाळू पसरायची, एकेक मोजत ठेवायचं आणि चालत न्यायचं. मोटारसायकलवरून नेली तर हादऱ्यांनी नुकसान होतं. नवा खड्डाही मादीने खणला तसाच करायचा: तेवढाच खोल, गळा अरुंद, पोट मोठं. खोली कमी झाली तर अंडी तापतात, जास्त झाली तर पिल्लं वर येता येता दमून मरतात. वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. दोन खड्ड्यांत मीटरभर तरी अंतर ठेवायचं, नाहीतर एकाची ऊब दुसऱ्याला लागते. ही ऊब साधी गोष्ट नाही. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण एकोणतीस-तीस अंशांच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त, आणि पस्तिशीच्या आसपास गेलं की पिल्लंच जगत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये घरट्यांवर हिरवी जाळी ताणलेली दिसते ती यासाठी.

या गावाला शनिवार-रविवारी जाणाऱ्यांनी पाटीवरची ती तारीख समजून घ्यावी, असं फार वाटतं. पंचेचाळीस ते साठ दिवस हा अंडी उबण्याचा काळ. डिसेंबर-जानेवारीत घातलेली अंडी थंडीमुळे रेंगाळतात, फेब्रुवारीनंतरची लवकर उबतात. यजमानांना फोन करून बहुतेक जण विचारतात, "या शनिवारी नक्की दिसतील ना?" या प्रश्नाला खरं उत्तर नाही. विचारायचं असेल तर असं विचारावं, की किती घरट्यांना पन्नास दिवस होऊन गेलेत, आणि कुठे वाळू खचलीय का? चार-पाच घरटी त्या टप्प्यावर असतील तर जाण्यात अर्थ आहे. दुसरा हिशोब टोपल्यांचा. शनिवारी जेवणाच्या वेळी पोचून रविवारी सकाळी निघणाऱ्याच्या वाट्याला दोनच वेळा येतात, शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ. शुक्रवारी पाचच्या आत पोचलात तर चार. सोमवारची रजा टाकली तर सहा, आणि रविवार संध्याकाळनंतर किनाऱ्यावर माणसंही मोजकीच उरतात. दोघांनीच जायचं असेल तर रविवार ते मंगळवार हाच माझा सल्ला.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला यायचं, तिथून फेरीबोटीत गाडी चढवायची आणि पलीकडे वेसवीला उतरायचं. बाणकोट मागे टाकलं की वेळास आलंच. मुंबईहून येणारेही माणगावहून हाच रस्ता धरू शकतात, किंवा महामार्गानेच पुढे जाऊन मंडणगडवरून घाट उतरून येतात. दोन्हीकडून अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, पण शेवटचे चाळीस किलोमीटर दीड तास खातात. पेट्रोल आणि रोख पैसे म्हसळ्यात नाहीतर मंडणगडात घेऊन ठेवावेत. गावात रेंज लागेलच असं नाही, तेव्हा ज्या घरी उतरायचं त्यांचा पत्ता आणि खुणा आधीच लिहून घ्याव्यात. रविवारी दुपारी परतीच्या फेरीला रांग लागते हे त्या नवऱ्याचं म्हणणं खरं होतं. बोटीत गाड्या मोजक्याच मावतात, पुढची फेरी यायला वेळ लागतो, आणि रांगेत ऊन डोक्यावर. तरीही मंडणगडचा रस्ता आहेच. घाटाने वळसा पडतो, पण संध्याकाळची टोपली बघून रात्री निघता येतं.

सातची टोपली आणि सहाची टोपली यांच्यामध्ये अकरा तास असतात.

या अकरा तासांचं काय करायचं, हे न कळल्यामुळे बरीच जोडपी हरिहरेश्वर, दिवेआगर करत गाडीतच दिवस घालवतात. माझ्या मते तिथेच सहल वाया जाते. फार तर बाणकोटचा किल्ला बघून यावं. जांभ्या दगडातला लहानसा किल्ला, मूळचा हिंमतगड, १७५६ च्या तहात इंग्रजांकडे गेल्यावर फोर्ट व्हिक्टोरिया झालेला. तटावरून खाडीचं गढूळ पाणी समुद्राच्या हिरव्या पाण्यात मिसळतं ती रेघ दिसते. दहाच्या आत परत यावं आणि घरी बसावं. घरी म्हणजे खरंच कोणाच्यातरी घरी. ही हॉटेलं नाहीत. शेणाने सारवलेल्या नाहीतर लाद्या घातलेल्या पडवीत गाद्या घालतात, न्हाणीघर मागच्या दारी असतं, गरम पाणी बंबातलं, आणि एका खोलीची हमी गर्दीच्या दिवसांत नसते. दोघांना एकांत हवा असेल तर आधी स्पष्ट विचारून घ्यावं, तिथे गेल्यावर घरच्या यजमान काकूंना अडचणीत टाकू नये. जेवायला किती जण हे आदल्या दिवशी सांगायचं असतं. गावात वाण्याचं दुकान म्हणजे शहरातलं सुपरमार्केट नव्हे, आणि नारळ खवायला माणूस एकच असतो.

त्या काकूंच्या स्वयंपाकघरात, परवानगी विचारून, उंबऱ्याशी बसावं. शनिवारी दुपारी उकडीचे मोदक होते आणि पुढे रविवारी जाळीशी बसलेली तीच पाहुणी मदतीला बसली होती. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप. पाणी खळखळलं की पीठ एकदम ओतून उलथण्याच्या दांड्याने ढवळायचं आणि झाकण ठेवून दोन वाफा काढायच्या. "तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं हात राखून घाला हो ताई, नाहीतर उकड चिकट होते," काकू म्हणाल्या. हिचा पहिला मोदक बुडाशी फाटला, कारण पारी मध्ये पातळ आणि कडेला जाड झाली होती. दुसऱ्याच्या कळ्या तुटल्या, कारण उकड गार झाली होती. काकूंनी गोळा परत घेतला, गरम पाण्याचा हात लावून मळला आणि पुन्हा तिच्या तळव्यावर ठेवला. "बघू नका. अंगठ्याला सांगू दे कुठे जाड आहे ते." चौथ्या-पाचव्या मोदकाला तिला ते समजलं. चेहऱ्यावर एकदम शांत भाव आला. पडवीत तिचा नवरा लॅपटॉप मांडीवर घेऊन रेंज शोधत होता, पण थोड्या वेळाने तोही आत आला आणि भिंतीला टेकून बघत राहिला. केळीच्या पानावर ठेवलेल्या मोदकांत फाटका कुठला, हे त्याने लगेच ओळखलं आणि तोच आपल्या ताटात वाढून घेतला.

म्हणूनच रविवारी सकाळी वाळूतला खळगा तिला दिसला, याचं आश्चर्य वाटलं नाही.

किनारा गावापासून लांब आहे, शेताडीतून, साकवावरून, मग केवड्या-सुरूतून दीडेक किलोमीटर चालावं लागतं. पहाटे निघताना बॅटरीवर लाल कागद गुंडाळावा. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जिकडे उजेड तिकडे जातं. पृथ्वीवर माणसाने दिवे लावले नव्हते तोवर किनाऱ्यावरची सगळ्यात उजळ दिशा समुद्राचीच असायची. फ्लॅश पडला की ते वळतं. दुसरी गोष्ट पायांची. पिल्लू जेमतेम दीड इंच लांब, माणसाच्या पावलाचा ठसा म्हणजे त्याला विहीर. म्हणून सोडण्याच्या आधी कासवमित्र फळीने वाळू सारखी करतात आणि दोरीच्या पुढे येऊ नका असं शंभरदा सांगतात. पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत. दहा-बारा मीटर चालू देतात. कारण मोठी झालेली मादी अंडी घालायला पुन्हा आपल्याच जन्माच्या किनाऱ्याच्या टापूत येते. तशी प्रत्येकच येते असंही नाही. २०२१ मध्ये ओडिशात पंखाला बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत इथून खाली गुहागरला अंडी घालून गेली. हजारातलं एखादंच पिल्लू वयात येतं असं म्हणतात. दोरीमागे उभं राहून एखाद्या पिल्लाला लाटेने तीनदा परत फेकलेलं बघितलं, की त्या आकड्याचा भार छातीवर जाणवतो.

रविवारी संध्याकाळी सहाला कोपऱ्यातली टोपली उचलली. सूर्य पाण्याकडे कलला होता. खाली पिल्लू नव्हतं. खळगा मात्र सकाळपेक्षा खोल झाला होता आणि त्याच्या कडेवरून वाळूचे कण आपोआप घरंगळत होते, वारा पडलेला असताना. कासवमित्राने ओठांवर बोट ठेवलं आणि टोपली परत घातली.

सोमवारी पहाटे साडेपाचला त्या टोपलीखाली जागा उरली नव्हती. काळपट, ओलसर, एकमेकांवर चढलेली पिल्लं, आणि वेताच्या काड्यांवर वल्ह्यांसारख्या पायांची खरखर. ही आवाजाची गोष्ट गर्दीत कधी कळत नाही. किनाऱ्यावर आम्ही तिघंच होतो. पिल्लं पाटीत मोजून घेतली, वाळू सारखी करून ती सोडली, शेवटचं पाण्यात जाईपर्यंत वीसेक मिनिटं गेली. मग कासवमित्राने घरटं कोपरापर्यंत हात घालून उपसलं. साली एकीकडे, न फुटलेली अंडी एकीकडे. सगळ्यात तळाशी, सालींच्या ढिगात दबलेलं एक पिल्लू जिवंत निघालं. त्याने ते तळव्यावर घेऊन बाजूच्या ओल्या वाळूवर ठेवलं आणि म्हणाला, "काल सकाळी त्या ताई विचारत होत्या ना, वाळू खचलीय का म्हणून? मी तेव्हा पलीकडची टोपली उचलत होतो, ऐकलं होतं मी." पिल्लू बराच वेळ हललं नाही. मग उजवा पाय हलला.